नारळ फुटेपर्यंत

“लिंबू कंच्या चाकाला लावू, आक्का?” आमच्या हिंदुराव ड्रायव्हरनं विचारलं.

“मागल्या उजव्या. चालवणारा बसतोय त्याच बाजूला. म्हंजे चिरडलं का न्हाई ते तिला मान वळवून बघता येईल.”

सुनेनं ऐकलं. ती गाडीच्या पुढच्या बाजूला उभी होती. केस करकचून बांधलेले, अंगात माझ्या पोराचा, धैर्यशीलचा जुना शर्ट. शेजारी तिचे वडील, आमचे व्याही दौलतराव खाडे. गारगोटी डेपोला एस.टी. चालवून रिटायर झालेले. रविवारी पोरीची शर्यत बघायची म्हणून शुक्रवारीच येऊन बसलेले.

आमच्या ट्रकांच्या आवाराच्या फाटकापासून वर रत्नागिरी रोडपर्यंत चांगला चढ आहे. आमच्याकडं ड्रायव्हर म्हणून राहायचं असेल तर त्या चढावर लिंबू वाचवून दाखवावं लागतं. गाडी चढावर उभी करायची, मागच्या चाकाला खेटून लिंबू ठेवायचं. ब्रेकवरचा पाय काढायचा, हँडब्रेकला हात लावायचा नाही. नुसत्या अर्ध्या क्लचवर गाडी जागच्या जागी धरून ठेवायची. मी नारळ फोडणार, पाणी चाकावर घालणार, आणि मगच गाडी वर घ्यायची. तेवढ्यात ती दोन बोटं जरी मागं आली तरी लिंबू गेलं, आणि ज्याचं लिंबू गेलं त्यानं पिशवी उचलून घरचा रस्ता धरायचा. ह्यात नातंगोतं बघत नाही. माझा सख्खा भाचा असाच परत गेला. भाऊ वर्षभर बोलत नव्हता, मी पण त्याला बोलवायला गेले नाही.

हा नेम मी उगाच घातला नव्हता. आमचे मालक घाटात गेले ते मागं सरकलेल्या ट्रकखालीच. तेव्हा धैर्यशील मांडीवर होता. दीर म्हणाले गाड्या विका. मी ट्रक चालवायला शिकले. पहिलं लिंबू मी माझ्याच गाडीखाली ठेवलं आणि सगळ्या दिरांच्या देखत वाचवलं. त्यानंतर ह्या आवारात माझ्यापुढं कुणी तोंड उघडलं नाही. मलाही त्याची सवय लागली.

आता गाडीचं सांगते. धैर्यशीलनं एक जुनी पांढरी गाडी घेऊन तिचं आतडं-कोथळं सगळं बदललं होतं. इंजिन असं केलं होतं की चालू केलं की पत्रे थरथरायचे. रविवारी बावड्याकडच्या घाटात चढणीची शर्यत होती. एका वेळी एकच गाडी सोडतात, खालून वर कमी वेळात जाईल ती पहिली. चालवणार होती आमची सून, वैजयंता. पहिल्या तिघांत आली असती तर पुण्याची एक टीम तिला वर्षभर आपल्या गाडीवर घेणार होती. त्यांचा कानिटकर नावाचा माणूस बघायला येणार होता. पोरीनं दोन वर्षं ह्या एका दिवसासाठी काढली होती, आणि ते मला ठाऊक होतं.

मी तिला अडवलं नव्हतं. एवढंच म्हटलं होतं, “जा की. पर माझ्या फाटकातनं गाडी बाहेर काढायची तर लिंबवावरनं.”

“आई, ह्या गाडीला ते जमणार नाही,” धैर्यशील पुढं येऊन म्हणाला. “हिचा क्लच साधा नाही. साध्या गाडीत एक मोठी प्लेट असते. ह्यात छोट्या छोट्या तीन आहेत, धातूच्या. बाहेरच्या देशातनं मागवलाय. एक तर सुटलेला, नाहीतर धरलेला. मधे काही नाही.”

“मधे न्हाई म्हंजे?”

“अर्धा क्लच नाही. मधे धरून ठेवला की प्लेटा तापतात आणि वाकतात.”

“दाब बघू.”

वैजयंतानं आत वाकून किल्ली फिरवली आणि हातानंच पेडल दाबलं. गाडीच्या पोटातून खडखडाट आला, डब्यात खिळे हलवावेत तसा. तिनं इंजिन बंद केलं तरी सगळे ड्रायव्हर हसतच होते.

“ह्यो क्लच हाय का खुळखुळा?” मी म्हटलं. “आन् एवढं पैसं घालून त्यातनं अर्धा क्लचच काढून टाकला व्हय तुमी? म्हंजे पुरणपोळी केली, पुरण तेवढं इसरलं.”

“आत्या,” वैजयंता म्हणाली, “दुसरी कुठलीही गाडी द्या. जीप द्या, भरलेला ट्रक द्या. तुम्ही दोन नारळ फोडेपर्यंत धरून दाखवते.”

“घाटात काय ट्रक घिऊन जाणार हाईस? जी गाडी चालवायची तिच्यावरच दावायचं.” मग मी व्याह्यांकडं वळले. माझी जीभ अशी की माणसं जमली की तिला धार चढते. “का ओ पाव्हणं, पोरीला शिकवलंसा ते एस.टी.चं शिकवलंसा जणू? गाडी मागं सरकाय लागली की परवाशांस्नी खाली उतरवून ढकलाय लावायचं?”

ड्रायव्हर खो खो हसले. दौलतरावांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली, परत घातली आणि तेही हसले. “व्हय की विहीणबाई. आमचं परवाशी लई गुणाचं. सांगायच्या आधी उतरायचं.”

वैजयंतानं बापाकडं एकदा बघितलं. मग गाडीत बसली.

धैर्यशील तिच्या खिडकीशी वाकून काहीतरी पुटपुटला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं. इंजिन चालू झालं. गाडी चढावर आली आणि उभी राहिली. हिंदुरावानं लिंबू खेटवलं. मी नारळ हातात घेतला आणि म्हटलं, “ब्रेक सोड.”

तिनं क्लच सोडला तो एकदम. गाडी बेडकासारखी हातभर पुढं उडाली, आचका दिला आणि बंद पडली. उभी राहिली. क्षणभर तशीच. मग गाडी हळूच मागं आली आणि लिंबावर चढली. फच्च असा आवाज झाला, तो मला नारळ हातात असताना स्पष्ट ऐकू आला.

“गेलं,” हिंदुराव म्हणाला.

“पिशवी भर,” दुसरा कुणीतरी मागून म्हणाला, आणि पुन्हा हशा.

वैजयंता खाली उतरली. तोंड लाल झालेलं, पण डोळे खाली नव्हते. “नाही जमलं, आत्या,” ती म्हणाली. “तुमचं बरोबर. मला नाही येत.”

इथं खरं तर संपायला पाहिजे होतं. सून सगळ्यांदेखत हरली होती, स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती. मी मोठेपणानं म्हणू शकत होते की जा, रविवारपुरती मोकळीक दिली. तसं म्हणायचं माझ्या मनात होतंही. कदाचित तीही त्याचीच वाट बघत होती. पण दौलतराव तेवढ्यात सहज बोलून गेले, “मशिनच तसलं हाय, विहीणबाई. कुणालाबी जमायचं न्हाई.”

‘कुणालाबी’ हा शब्द मला लागला.

“दुसरं लिंबू आण,” मी हिंदुरावाला म्हटलं, आणि पदर खोचला.

“आई, नको,” धैर्यशील म्हणाला.

“आत्या, नको.” वैजयंता दाराशी आडवी उभी राहिली. “हात जोडते. मी हरले ना? झालं ना? ह्याचा दुसरा सेट नाही. मागवला तर दोन महिने लागतील.”

“क्लच जळल्याल्या लई गाड्या बघितल्यात मी. माझ्या पायाखाली एकबी जळली न्हाई. सर बाजूला.”

ती सरली. सासूला हात लावून थांबवायची रीत आमच्या घरात नव्हती. ती रीत मीच ठेवली नव्हती.

सीट अशी खोल होती की माझं नाक स्टिअरिंगच्या वर जेमतेम आलं. पेडल दाबलं तर गुडघ्यातून कळ गेली, ट्रकचंही एवढं जड नसायचं. हळूहळू सोडायला लागले. काहीच नाही. आणखी सोडलं, काहीच नाही. आणि मग केसाएवढं आणखी सोडलं तर गाडीनं असा हिसका दिला की माझे दात वाजले. मी झटकन दाबलं. परत सोडलं. तिसऱ्या वेळी मला ती जागा सापडली.

खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार भारी वाटलं. पोराला मधे जागाच नाही वाटत होती. जागा होती. दोऱ्याएवढी होती, पण होती, आणि माझ्या पायानं ती धरली होती. ब्रेकवरचा पाय मी काढला. गाडी त्या चढावर कुठं टेकू न लागता उभी राहिली. इंजिन गुरगुरत होतं, पत्रा थरथरत होता, चाक हललं नाही.

“फोड नारळ,” मी खिडकीतून म्हटलं.

हिंदुरावानं दगडावर नारळ आपटला. फुटला नाही. परत आपटला. त्या नारळाला काय धाड भरली होती कुणास ठाऊक.

“सोडा, आत्या,” वैजयंता ओरडली. “वास आला. सोडा.”

वास मलाही आला होता. जळक्या लोखंडाचा, घशात बसणारा. पुढच्या बाजूनं निळसर धूर निघायला लागला होता. पण नारळ फुटला नव्हता, आणि नारळ फुटल्याशिवाय मी कधी गाडी सोडली नव्हती. चौथ्या घावाला फुटला. हिंदुरावानं चाकावर पाणी घातलं. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. लिंबू जसंच्या तसं होतं.

“बगा पाव्हणं,” मी म्हटलं, आणि गाडी वर घ्यायला क्लच पूर्ण सोडला.

इंजिन बोंबलायला लागलं. गाडी जागची हलली नाही. मी आणखी रेस केली. नुसता आवाज आणि धूर. मग ती मागं यायला लागली आणि मी ब्रेकवर पाय दिला, तो उचलायचं धैर्य मला झालं नाही. टाळ्या थांबल्या होत्या. हिंदुरावानं चाकांना दगड लावले, तेव्हा मी उतरले.

कुणी काहीही बोललं नाही. मला कुणी बोलत नसतंच. म्हणून मीच बोलले. “कसलं भंगार बसीवलंयसा. बाईमाणसाचा पाय लागला तर जळतंय.” आणि घरात निघून गेले.

दुपारी गिअरबॉक्स खाली उतरवला. धैर्यशीलनं मला प्लेटा आणून दाखवल्या. रागानं नव्हे, मी विचारलं म्हणून. तव्यावर विसरलेल्या पापडासारख्या वाकल्या होत्या आणि कडांना निळ्या पडल्या होत्या.

“आता?” मी विचारलं.

“मागल्या शेडमधल्या गाडीचा साधा क्लच काढून बसवतोय. बसेल. पण हे इंजिन त्याला झेपणार नाही.”

“मग?”

“मग बघू,” तो म्हणाला आणि गेला.

मी ओसरीवर बसून राहिले. जेवण गेलं नाही. समोर चढावर आमची जीप उभी होती. हिंदुराव तिला नेहमी तशीच लावतो. हँडब्रेक कधीचा तुटलाय, चाकाला दगड लावायचा त्याला कंटाळा. नुसतं इंजिन बंद करून गिअरमध्ये टाकून जातो. बंद इंजिनच गाडीला धरून ठेवतं. दिवसभर त्या चढावर उभी असते, हलत नाही.

मी जीपकडं बघत बघत उठून उभी राहिले.

सकाळी वैजयंताची गाडी उडाली, आचका देऊन बंद पडली. पहिल्या गिअरमध्ये होती. आणि उभी राहिली होती, मी डोळ्यांनी बघितली होती. गिअरमध्ये बंद पडलेली गाडी आपोआप मागं येत नाही. ती मागं यायची तर कुणीतरी क्लच दाबावा लागतो.

एवढं आयुष्य गाड्यांत काढलं, आणि ते मला त्या वेळी दिसलं नाही. मला फक्त लिंबू फुटलेलं दिसलं.

मी शेडमध्ये गेले. गाडीखालून धैर्यशीलचे पाय बाहेर आले होते. शेजारी धोतर गुडघ्यावर खोचून दौलतराव बसले होते, हात कोपरापर्यंत काळे. मला बघून ते उठले आणि पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले. वैजयंता बोल्ट धूत होती.

“सकाळी तू गाडी मुद्दाम मागं सोडलीस,” मी म्हटलं.

तिचे हात थांबले नाहीत.

“बंद पडल्यावर क्लच दाबलास तू. लिंबू जाऊ दिलंस.”

“हो.”

“मर्जीनं हरलीस? बापासमोर? त्या गड्यांसमोर?”

“नारळ फुटेपर्यंत धरली असती तर रविवार गेला असता.” तिनं बोल्ट फडक्यावर ठेवला. “म्हटलं हसतील. हसू देत. दोन मिनिटं हसतील आणि गाडी शाबूत राहील. आमच्या आप्पांच्या लगेच लक्षात आलं. म्हणून तर मशिनवर ढकललं त्यांनी.”

मला बसायला काही नव्हतं. मी टायरच्या थप्पीला हात टेकला.

“तुम्हाला जिंकायचं होतं, आत्या,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. “जिंकला होता की तुम्ही. मग परत कशाला बसला?”

मी फडक्यावरचा बोल्ट उचलून पुसला आणि परत तिच्यापुढं ठेवला. 

रविवारी मी घाटात गेले. कुणी चला म्हटलं नव्हतं, मीच जीपमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या वळणाच्या कठड्याशी माणसं उभी होती, तिथं मी उभी राहिले. खालून तिच्या गाडीचा आवाज आला तेव्हा मी कठड्यावर वाकले. पहिलं वळण तिनं असं घेतलं की शेजारचा एक पोरगा म्हणाला, हीच पहिली येणार. मग आवाज बदलला. तोच आवाज, इंजिन बोंबलतंय आणि गाडी चालत नाही. माझ्या समोर येईपर्यंत माणसाच्या चालीनं येत होती. धूर सोडत कडेला आली आणि थांबली.

खाली तंबूत नेल्यावर तो कानिटकर आला. गोरापान, डोळ्यांना काळा चष्मा. धैर्यशीलशी बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“तीन प्लेटांचा क्लच होता ना? मग हा साधा कशाला घातलात?”

“घरी जळाला,” वैजयंताच म्हणाली.

“शर्यतीआधीच?” तो हसला. “क्लचवर पाय ठेवून बसायची सवय. मुलींचं हेच होतं. गाडी चांगली आहे, बरं का. ड्रायव्हर बघा दुसरा.”

आजूबाजूची चारपाच माणसंही हसली. वैजयंतानं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“ओ साहेब,” मी पुढं झाले. “तिनं न्हाई जाळला. मी जाळला.”

त्यानं चष्मा वर केला. माझं लुगडं, डोक्यावरचा पदर, पायातल्या कोल्हापुरी वहाणा, सगळं बघून घेतलं.

“तुम्ही?”

“व्हय. मी. शुक्रवारी. चढावर अर्ध्या क्लचवर धरली, नारळ फुटंस्तवर. तिनं हात जोडलं हुतं, मी ऐकलं न्हाई. तिचा पाय सोन्याचा हाय. तिचं नाव काढू नगा.”

त्याचं हसू गेलं. मला वाटलं, पटलं. मग त्यानं दोन्ही हात जोडले, वाकून नमस्कार केला आणि मागं वळून त्याच्या माणसांना म्हणाला, “बघा. ह्याला म्हणतात सासू. सुनेची चूक अंगावर घ्यायला आजीबाई घाट चढून आल्यात.”

“अवो खरंच मी—”

“असू दे, आजी. कळलं आम्हाला.” त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अशी सासू सगळ्यांना मिळो.” कुणीतरी मला खुर्ची आणून दिली. कुणीतरी उसाचा रस दिला. एकानं फोटो काढला. मी सांगत राहिले, चढ, लिंबू, हिंदुराव, सगळं सांगितलं, आणि जेवढं सांगावं तेवढे ते आणखी कौतुकानं मान हलवत राहिले. कोपऱ्यात दौलतराव टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी तरी सांगावं म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. ते बाहेर बघायला लागले.

पुण्याच्या टीमनं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. क्लच दोन महिन्यांनी आला. पण पुढच्या वर्षी शर्यतीच्या वेळी वैजयंताला सातवा महिना होता, त्याच्या पुढच्या वर्षी पोर अंगावर पीत होती, आणि त्यानंतर कुणी बोलवायला आलं नाही. गाडी धैर्यशीलनं साताऱ्याच्या एकाला विकली. आता आवारात ड्रायव्हर वैजयंता नेमते. लिंबू ठेवत नाही. शेजारी बसून घाट चढून उतरून येते आणि मग सांगते. मी मधे पडत नाही.

घाटातली ती गोष्ट मात्र आमच्या आधी कोल्हापुरात पोचली होती. फिरत फिरत ती मोठी झाली. लग्नात, बारशात बायका सुनांना माझ्याकडं बोट करून दाखवतात. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं तर मला खुर्चीवर बसवलं, शाल घातली, ओटी भरली. आदर्श सासू म्हणाल्या. मी माईक हातात घेऊन सांगितलं, बायांनो, मी तिला वाचवलं नाही. क्लच मीच जाळला, तिचं वर्ष मीच जाळलं. त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतली एक तर डोळे पुसत होती.

येताना गाडी वैजयंता चालवत होती. शाल माझ्या मांडीवर होती, ती खांद्यावर घ्यायची मला लाज वाटत होती.

“माझं कुणी खरं मानत न्हाई,” मी म्हटलं. “तू तरी सांग की त्यास्नी एकदा.”

तिनं गिअर बदलला. मला कळलंसुद्धा नाही, एवढा हलका.

“मी सांगून बघितलंय, आत्या. पहिल्याच वर्षी. माझ्या मावशीला,” ती म्हणाली. “ती म्हणाली, सासू एवढी पदराखाली घेती तुला, आणि तू तिच्यावरच ढकलतीस?”